मत मांडणारा वाचक: मुक्ता साळवे ते ‘रिडल्स’

वर्षावासात आपल्या विहारांमधून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या वस्तीतही होते. संध्याकाळी वंदना, मग एखादी उपासिका चार-सहा पाने वाचते, बाकीचे ऐकतात आणि धम्मपालन गाथा म्हणून सगळे घरी जातात. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी त्याला एक जोड दिली. दर रविवारी वाचन संपल्यावर अर्धा तास, ज्याने अलीकडे जे पुस्तक वाचले असेल त्याने त्याबद्दल बोलायचे. पुस्तक कोणतेही चालेल, अट एकच: गोष्ट सांगून थांबायचे नाही, आवडले की नाही आणि का, ते सांगायचे.

पहिले तीन रविवार मजेत गेले. एकाने ‘फकिरा’ सांगितली. रिक्षा चालवणारे एक दादा बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या रहस्यकथांवर इतके रंगून बोलले की अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. बी.एस्सी.च्या एका मुलाने हरारीच्या ‘सेपियन्स’वर तक्रार केली की एवढ्या मोठ्या पुस्तकात जातीला जेमतेम काही पाने आहेत. चौथ्या रविवारी नर्सिंग करणारी एक मुलगी धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ घेऊन आली. तिचे म्हणणे असे होते: म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा कोसंबींनी १९४०-४१ मध्येच बाजूला सारली होती, आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरच्या तंट्याचा धागाही त्यांच्या लेखनात आहे. मग बाबासाहेबांचे आणि त्यांचे कुठे जुळते, कुठे वेगळे होते? तिला बाबासाहेबांची मांडणी जास्त पटली होती. “पण एका ठिकाणी मला शंका आहे,” असे ती म्हणाली आणि तिथेच तिला थांबवले गेले.

“पोरी, बाबासाहेबांनी लिहिलंय ना? मग शंका कसली?” एक ज्येष्ठ काका उठून उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी दोघे. विहार म्हणजे वाचनालय नव्हे, असेही कुणी म्हणाले. तिची शंका काय होती ते कुणी ऐकलेच नाही. पुढच्या रविवारी तो अर्धा तास बंद झाला आणि ती मुलगीही यायची थांबली.

त्या काकांबद्दल आमच्या मनात राग नाही. नामांतराच्या लढ्यात त्यांनी काठ्या खाल्ल्या आहेत. पण त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगायचे तर दीडशे वर्षांहून मागे जावे लागते.

आपल्याला वाचायला बंदी होती, हे आपण नेहमी सांगतो. ते खरेच आहे. पण बंदीचे दुसरे अंग आपण विसरतो. वाचल्यावर मत द्यायचा हक्क त्याहूनही घट्ट कुलूपबंद होता. पोथी ऐकायला बसलेला माणूस हात जोडून बसतो. ‘हे मला पटले नाही’ असे म्हणणारा श्रोता पोथीच्या व्यवस्थेत बसतच नाही. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीचा इतिहास हा साक्षर होण्याचा इतिहास आहे तसा तो पुस्तकाला उलट प्रश्न विचारण्याचाही आहे. आमच्या मते आधी दुसरा.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा हा निबंध आपण सगळे जाणतो. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली ही मुलगी. निबंधात पेशवाईतल्या अत्याचारांचे वर्णन आहे आणि त्यावर आपल्याकडे बरेच बोलले जाते. आम्हाला मात्र त्यातला पुस्तकाबद्दलचा युक्तिवाद अधिक धाडसी वाटतो. वेद हे आमचेच, दुसऱ्याने ते पाहूही नयेत, असे जर ब्राह्मण म्हणत असतील, तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही हे उघड झाले. आणि पुस्तक नाही तर आम्ही त्या धर्माचे कसे? मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती थेट देवाला विचारते. ज्या ग्रंथाला हात लावायची परवानगी नाही, त्या ग्रंथावर तिने मत दिले. न वाचता कसे दिले, असे कुणी विचारेल. तर त्या पुस्तकाची आपल्या जगण्यावर पडलेली सावली ती रोज वाचत होती. ते मतही तर्काने दिले, शिवी देऊन नव्हे. विरोधकाचेच विधान घेतले आणि त्याच्या शेवटापर्यंत नेले. आज आपल्या तरुणांनी वादविवाद शिकायचा तर सुरुवात इथून करावी.

पुढे १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ निघाले. ताराबाई सत्यशोधक घरातल्या. त्यांचे पुस्तक स्त्रीवादी म्हणून अभ्यासक्रमात लावले जाते आणि ते योग्यच, पण त्यात एका रागावलेल्या वाचक बाईचा हिशेबही आहे. ‘मुक्तामाला’सारखी कादंबरी, ‘मनोरमा’ हे नाटक, पुराणातल्या कथा, सगळ्यांना त्यांनी एका रांगेत उभे केले आणि विचारले की तुम्ही लोक बाई अशी कुठे पाहिली? प्रकार वेगवेगळे, प्रश्न एकच. या पुस्तकावर एवढी टीका झाली की जोतीरावांना ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. मत देणाऱ्या बाईला गप्प करण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि ती फक्त ‘त्यांची’ नाही.

त्याच काळात, १८८५ साली, मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीरावांनी नाकारले. जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या साहित्य चळवळीतले लोक या पत्राचा दाखला अजून देतात, म्हणून इथे जास्त लांबवत नाही.

आता रामजी बाबांच्या घरी येऊ. सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी, शिस्तीचे, आणि पुस्तकासाठी लेकीचे दागिने गहाण टाकणारे बाप. घरात मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. पुढे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत घरातला एक प्रसंग सांगितला आहे. ही प्रस्तावना ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती. बऱ्याच वर्षांनी भगवान दास यांनी ती प्रकाशात आणली. भीमराव परीक्षा पास झाला म्हणून वस्तीने सत्कार ठरवला. रामजींना तो नको होता, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. शेवटी कृष्णराव अर्जुन केळुसकर ऊर्फ दादा केळुसकर यांनी मध्यस्थी केली, सभेचे अध्यक्षपद घेतले आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. (चरित्रग्रंथांत हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकचा म्हणून येतो, बाबासाहेबांनी स्वतः तो इंग्रजी चौथीचा म्हणून सांगितला आहे.)

भेटीचा प्रसंग भाषणांमधून सगळ्यांना पाठ आहे. पुढचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो, आणि आमच्या लेखासाठी महत्त्वाचा तोच आहे. ते पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले: ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगणारे हे ग्रंथ तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? बुद्धाचे साहित्य का देत नाही? पहिल्यांदा वडिलांनी गप्प केले. मुलांनी असले प्रश्न विचारू नयेत, सांगितले ते करावे. काही दिवसांनी मुलाने पुन्हा विचारले. या वेळी रामजी उत्तर तयार करून आले होते. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येणे स्वाभाविक आहे, तो जावा म्हणून हे वाचा. द्रोण आणि कर्ण छोटी माणसे होती, पण किती उंच गेली! वाल्मीकी कोळी होता, तरी रामायणाचा कर्ता झाला.

रामजी बाबांचे हे उत्तर फेकून देण्यासारखे नाही, आणि बाबासाहेबांनीही ते फेकून दिलेले नाही. त्यात काही तथ्य आहे असे त्यांनी मानले. पण समाधान झाले नाही. भीष्म-द्रोण बोलतात एक आणि करतात दुसरे, कृष्णाचा कपटावर विश्वास, आणि शूर्पणखा, वाली, सीता यांच्याशी रामाचे वागणे पाहिले तर तोही आवडत नाही, असे त्या मुलाने वडिलांना सांगितले. वडील गप्प राहिले. घरात बंड झाले आहे हे त्यांना कळले.

या प्रसंगात थोडे थांबून पाहा. एक मुलगा दोन पुस्तके शेजारी ठेवतो, एक घरचे आणि एक भेट मिळालेले. दोन्हींची तुलना करतो. आपले मत कारणांसकट मोठ्या माणसापुढे ठेवतो. पहिल्यांदा ‘असले प्रश्न विचारू नये’ हे उत्तर मिळते, तरी पुन्हा विचारतो. आणि बापही कसा, तर दुसऱ्या वेळी तयारी करून येतो, पोराला मारत नाही. आपल्या धम्मक्रांतीची एक मुळी या घरातल्या वादात आहे. आमच्या विहारात कोसंबी आणि बाबासाहेब शेजारी ठेवणाऱ्या मुलीने यापेक्षा वेगळे काय केले होते?

तोच मुलगा मोठा झाला. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेला आणि राहायला जागा मिळाली नाही म्हणून परत आला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९१८ मध्ये, ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’मध्ये डॉ. आंबेडकरांचा एक लेख छापून आला. तो होता बर्ट्रांड रसेल यांच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन’ या १९१६ च्या पुस्तकाचे परीक्षण. म्हणजे आजच्या भाषेत, अलीकडे वाचलेल्या पुस्तकावरचे मत! रसेल तेव्हा महायुद्धाला विरोध करणारे म्हणून जगभर गाजत होते, त्याच वर्षी तुरुंगातही जाऊन आले. अशा लेखकाची भक्ती करणे सोपे होते. बाबासाहेबांनी पहिल्यांदा इथल्या वाचकालाच सावध केले: रसेल युद्धाच्या विरोधात आहेत म्हणून ते आपल्या निवृत्तीवादाची, गप्प बसून शांती मिळवण्याची पाठराखण करतात असे समजू नका. क्रियाशीलता ही वाढीची अट आहे. बळ वेगळे आणि हिंसा वेगळी. मग त्यांनी रसेलनाही सोडले नाही. पैशाच्या मोहामुळे माणसाचे जीवन आखूड होते, हे रसेलचे म्हणणे त्यांना एकांगी वाटले. जेव्हा जग टंचाईत आणि दुःखात होते तेव्हा पैशाचा तिरस्कार शिकवणारी नीती तयार झाली, आणि संपत्तीचा दोष तिच्या विषम वाटपात शोधायला हवा, असे त्यांचे उत्तर होते.

कॉलेजात समाजशास्त्र शिकताना आम्हाला हाबरमास शिकवले. युरोपात कॉफीहाऊसमध्ये बसून लोक वर्तमानपत्रे आणि पुस्तकांवर वाद घालू लागले, त्यातून लोकमताचे क्षेत्र तयार झाले. परीक्षेत आम्ही ते व्यवस्थित लिहिले, मार्कही मिळाले. पण आमच्या आजोबांना हॉटेलात कप वेगळा होता, त्याला दांडी नव्हती. आमचे कॉफीहाऊस कुठले? ते चाळीचा जिना होता, गिरणीतून सुटल्यावरचा ओटा होता, गावकुसाबाहेरचा लिंबाचा पार होता. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाले, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’. अंक एक, वाचणारा एक आणि ऐकणारे वीस-पंचवीस. ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आहेत त्यांनी विचारून पाहावे. वाचणारा मध्येच थांबायचा, कुणी तरी म्हणायचे “हे पुन्हा वाच”, आणि मग त्या वाक्यावर भांडण. अक्षरओळख नसलेला माणूस अग्रलेखावर मत देत होता. हा इतिहास कुठल्या विद्यापीठाच्या कपाटात सापडणार नाही, तो आपल्या आज्या-आजोबांबरोबर चालला आहे. नोंदवून ठेवायचा असेल तर आत्ताच.

इथे एक प्रश्न हमखास येतो, आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. पुस्तकावर चर्चा करा म्हणता, मग २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती का जाळली? आम्ही असे म्हणतो की ते दहन हेसुद्धा पुस्तकावरचे मतच होते, आणि ते वाचून, समजून दिलेले होते. ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, पाठिंबा दिला पां. ना. राजभोज यांनी. सभेपुढे कारणे आली, मग कृती झाली. जाळल्यावर बाबासाहेबांनी ते पुस्तक वाचायचे सोडले का? उलट पुढची कित्येक वर्षे ते मनुस्मृती उलगडत राहिले. तिचा काळ, तिचा कर्ता, तिच्यामागचे राजकारण शोधत राहिले. ज्याला पुस्तकाची भीती वाटते तो जाळून मोकळा होतो. महाडनंतर आपला बाप मोकळा झाला नाही, कामाला लागला.

१९३६ ची गोष्ट तर वाचकाच्या हक्काचा धडाच आहे. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण छापून तयार झाले आणि मंडळाला धडकी भरली. जातीविरुद्ध बोला, पण वेदांचा उल्लेख गाळा! म्हणजे जातीवर मत चालेल, जातीला आधार देणाऱ्या पुस्तकावर नको. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला, परिषद झाली नाही, आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने काढले. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्यावर गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये परीक्षण लिहिले. मतभेद मांडले आणि पुस्तकाची आठ आणे किंमत जास्त आहे, दोन किंवा निदान चार आणे ठेवायला हवी होती असेही सुचवले. बाबासाहेबांनी काय केले? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे ते परीक्षण आपल्याच पुस्तकात जोडले आणि पुढे आपले उत्तर छापले. विरोधकाचे मत लपवले नाही, वाचकाच्या हातात दोन्ही दिले. आपल्यातले किती लेखक आज असे करतील? आम्ही स्वतःलाही विचारतो. आमच्या एका लेखावर तिखट प्रतिक्रिया आली होती तेव्हा आम्हाला दोन दिवस जेवण गोड लागले नव्हते.

आणि मग १९८७. महाराष्ट्र शासनाने १४ एप्रिल १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे यांचे खंड काढायला सुरुवात केली होती. वसंत मून यांच्या चिकाटीशिवाय ते झाले नसते. चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आले. बाबासाहेबांच्या हयातीत न छापले गेलेले हे लिखाण. त्याच्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्यावरचे प्रकरण होते, आणि त्यावरून महाराष्ट्र पेटला. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत मराठा महासंघाने त्या खंडाच्या प्रती जाळल्या, शिवसेनाही विरोधात उतरली. शासन डगमगले. उत्तर म्हणून फेब्रुवारीत मुंबईत आपल्या लोकांचा अतिविराट मोर्चा निघाला. गटातटांत विभागलेले सगळे नेते एका रस्त्यावर आले होते. शेवटी तोडगा निघाला: प्रकरण राहील, पण त्या मतांशी शासन सहमत नाही अशी तळटीप टाकली जाईल. ती टीप आजही त्या पानावर आहे.

हा इतिहास आपण ‘अस्मितेचा लढा’ म्हणून सांगतो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ‘रिडल्स’मधले ते प्रकरण म्हणजे काय आहे? रामजी बाबांपुढे उभे राहून ‘राम मला आवडत नाही, कृष्ण मला आवडत नाही’ म्हणणाऱ्या मुलाचेच मत आहे ते. आता संदर्भांसह, मूळ ग्रंथांतल्या प्रसंगांसह, विद्वानाच्या भाषेत. वाली आहे, सीता आहे. पन्नास वर्षे तो मुलगा आपल्या पहिल्या मताशी प्रामाणिक राहिला आणि ते तपासत राहिला. आणि मुंबईच्या रस्त्यावर जे लाखो लोक उतरले, त्यांतल्या बहुतेकांनी तो इंग्रजी खंड वाचलेला नव्हता. ते कशासाठी उतरले होते? एका वाचकाला पुस्तकावर मत देण्याचा हक्क आहे, एवढ्यासाठी. आमच्या विहारातले काकाही त्या मोर्चात होते. त्यांनी अभिमानाने कितीदा तरी सांगितले आहे. म्हणून तर त्या रविवारी आम्हाला जास्त लागले.

मधल्या काळात वाचकांचे मेळे भरवण्याचे काम ज्यांनी केले त्यांचाही उल्लेख हवा. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरातून १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. गंगाधर पानतावणे सरांनी त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. या नावातच केवढी गोष्ट आहे! फक्त लेखकांचे संमेलन नव्हे, वाचकही मांडवात बरोबरीने. डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी तिथल्या काळ्या लेखकांचे साहित्य इथल्या पोरांपुढे ठेवले. मराठवाड्यातल्या पोराने अमेरिकेतल्या कादंबरीवर मत द्यावे, हे तेव्हा घडले. १९७२ मध्ये ‘गोलपिठा’ आले तेव्हा प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना कित्येक शब्द अडले आणि त्यांनी ते कबूल केले. शब्दांचे अर्थ विचारायला प्रस्थापितांना आपल्याकडे यावे लागले.

पण मत देण्यावरून आपण एकमेकांना जखमाही केल्या आहेत, ते झाकू नये. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यावरून मार्क्स की बुद्ध हा वाद पेटला आणि १९७४ मध्ये पँथर फुटली. कारणे अनेक होती, पण कुणी काय वाचले यावरून माणसाची निष्ठा ठरवण्याची सवय तिथे पक्की झाली. बाबासाहेबांनी मार्क्स वाचला होता, पचवला होता आणि मगच नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला त्याच्यापुढे बुद्ध ठेवला होता. न वाचता ठेवला नव्हता. १९७८ मध्ये ‘बलुतं’ आले तेव्हा आपल्यातल्याच शिकलेल्यांनी दया पवारांना विचारले की हा उकिरडा कशाला उकरता. बेबीताई कांबळे फलटणला दुकान चालवताना पुड्या बांधायच्या रद्दीचे कागद वाचत, आणि स्वतःचे लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवत. ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. ते लपवावे कुणापासून लागले, हे पुरुष कार्यकर्त्यांनी एकदा मनात म्हणून पाहावे.

आज सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपला माणूस पोटाला चिमटा काढून पुस्तके घेतो. पिशव्या भरून घेतो. दुसऱ्या कुठल्या समाजाच्या अभिवादनाच्या जागी एवढी पुस्तके विकली जात असतील असे आम्हाला वाटत नाही. पण त्या पुस्तकांचे पुढे काय होते? बाबासाहेबांच्या फोटोखाली छापलेले वाक्य कुठल्या खंडातले आहे असे विचारले की अख्खा ग्रुप गप्प होतो. ग्रंथाचे पारायण वाढले आणि वाद कमी झाला. पारायण आपल्याला माहीत होते, त्यातूनच तर आपण बाहेर पडलो होतो.

आणि ज्या ग्रंथावरून आमच्या विहारात मुलीला गप्प केले गेले, त्या ग्रंथाचे सुरुवातीचे निवेदन काकांनी पुन्हा उघडून पाहावे अशी आमची विनंती होती. बाबासाहेबांनी तिथे चार प्रश्न मांडले आहेत आणि पहिलाच प्रश्न परिव्रज्येचा आहे: सिद्धार्थाने घर का सोडले? पारंपरिक उत्तर त्यांना पटत नाही. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याने म्हातारा, आजारी, प्रेत पाहिलेच नव्हते हे कसे शक्य आहे? आणि चारही प्रश्न मांडून झाल्यावर ते आशा व्यक्त करतात की हे प्रश्न वाचकांना जागे करतील आणि वाचक स्वतः पुढे येऊन उत्तरात आपली भर घालतील. लेखकाने वाचकाकडे मत मागितले आहे. छापील मागितले आहे.

दिवाळीनंतर आम्ही दोघे-तिघे त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा ठेवला आणि पोरीचे चुकले असेल तर माफ करा म्हणाली. आम्हाला खाली बघावे लागले. मग आम्ही तिला तिची शंका विचारली. ती म्हणाली, “शाक्यांच्या संघाच्या सभेत युद्धाच्या बाजूने मतदान होतं, सिद्धार्थ एकटा पडतो आणि शेवटी देश सोडायला तयार होतो, हे बाबासाहेबांनी फार चांगलं लिहिलंय. मला तेच सगळ्यात जास्त आवडलं. पण ती सभा कुठल्या सुत्तात आहे? की त्यांनी स्वतः जुळवून मांडली? मांडली असेल तर कशाच्या आधारावर?”

आमच्यापैकी कुणालाच उत्तर देता आले नाही. आम्ही तसे सांगितले. येत्या आषाढ पौर्णिमेपासून रविवारचा अर्धा तास पुन्हा सुरू करायचा आहे आणि पहिला रविवार याच प्रश्नाचा ठेवला आहे. मुलीने यायचे कबूल केले, पण पूर्ण बोलून होईपर्यंत मध्ये कुणी उठायचे नाही या अटीवर. हे सांगायला आम्ही काकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग कोसंबींचे ते पुस्तक आहे का म्हणून विचारले. मुलीकडून आणून दिले. अजून परत आलेले नाही.